शलाकाचे स्पीकर

"मग तुम्ही तरी बसता का, काका?" दुकानदार खासनीसांनी मला विचारलं. "मॅडम काही बसायला तयार नाहीत."

खोलीच्या मधोमध एकच खुर्ची होती. चामड्याची, उंच पाठीची. तिच्यासमोर दोन स्पीकर उभे होते, माझ्या खांद्याला लागतील एवढे उंच. पॉलिश असं, की माझी टोपी त्यात वाकडी दिसत होती ती मला तिथल्या तिथे सरळ करता आली. शलाका मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पर्स पोटाशी धरलेली, जशी बाई परक्या घरात उभी राहते तशी.

"बस की गं," मी म्हणालो. "एवढा माणूस मघापासून सांगतोय."

"तुम्ही बसा, आबा. मला इथून ऐकू येतंय."

शलाका माझी सून. कागदाप्रमाणे म्हटलं तर ती सून राहिली नव्हती. माझा मुलगा हेमंत आणि ती, दोघांचा घटस्फोट होऊन वर्ष होत आलं होतं. आदळआपट काही झाली नाही. दोघंही शिकलेली. हेमंत पुण्यातच मोठ्या फ्लॅटमध्ये राहिला, आणि ही सिंहगड रस्त्याला दोन खोल्यांत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तिचं तिला पुरत होतं. मला ती आबा म्हणायची, पुढेही आबाच म्हणत राहिली.

मी इचलकरंजीचा. उभा जन्म यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला. शेडमध्ये माग सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. म्हणून आम्ही मागवाली माणसं आवाज न काढता नुसतं ओठांनी बोलतो. 'धागा तुटला', 'चहा आला', 'मालक आला', सगळं ओठांवर. मालकाला दिलेल्या शिव्यासुद्धा त्याच्या पाठीमागे उभं राहून ओठांवरच. असा जन्म काढल्यावर कानांत काय उरणार? म्हातारपणी दोन्ही कानांत मशिनं बसली आणि बारीक आवाज देवाला वाहिले.

शलाका लग्न होऊन आली तेव्हा आमची ही ओठांची भाषा शिकली. सुट्टीला आली की माझा डबा घेऊन शेडच्या उंबऱ्यावर बसायची आणि बघत राहायची. महिन्याभरात ती तिथून मला विचारायला लागली, 'भाकरी की भात?' आणि मी मागावरूनच उत्तर द्यायचो. पुढे तिनेच मला अक्षरं शिकवली. साठीला टेकलो होतो तेव्हा. ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात, कुठला तो बोलण्याच्या ओघावरून ओळखावा लागतो. कागदावर मात्र प तो प आणि म तो म. तिने ते तीन एकाखाली एक काढून दाखवले तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "एवढं सोपं होतं तर आधी कुणी का सांगितलं नाही गं?"

तर तिचा निरोप मोबाइलवर आला तो मी माझा मीच वाचला. 'आबा, गाणी ऐकायला चांगले स्पीकर घ्यायचे आहेत. सोबत याल का?'

माझी थोरली बहीण, आक्का, आमच्याकडेच असायची. ती म्हणाली, "काडीमोड झाला तरी सासऱ्याची हौस फिटली न्हाई. आणि तू बहिरा, तू जाऊन काय निवडणार? स्पीकर हाय का म्हस, शिंगं बघून घ्यायला?"

मलाही हाच प्रश्न पडला होता. दुकानाकडे जाताना रिक्षात तिला विचारलं.

तिने माझ्याकडे तोंड केलं, मला नीट कळावं म्हणून. "आबा, हेमंत लग्नापासून सांगत आला, तुला कान नाही. गाणं चांगलं काय, वाईट काय, तुला कळत नाही. आज मी माझ्या मनाने घेतले आणि ते चुकले, तर त्याचं म्हणणं खरं ठरेल. म्हणजे बाकीचं काही खरं ठरो न ठरो, हे ठरेल. मला सोबत कुणीतरी असं हवं होतं, जो मला कान नाहीत असं म्हणू शकणार नाही."

"म्हणजे बहिरा."

"म्हणजे बहिरा," ती म्हणाली, आणि हसली. पण पर्सचा बंद तिने बोटाभोवती इतका आवळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

अशी ती दुकानात आली होती. आणि आल्यापासून खुर्चीत बसायला तयार नव्हती. मला वाटलं, घाबरली. परीक्षेच्या बाकावर बसायला पोरं घाबरतात तशी.

म्हणून मी बसलो.

खासनीस माणूस चांगला होता. पन्नाशीचा, बोलायला मऊ, हात सारखे स्वच्छ रुमालाला पुसणारा. त्याने खोलीचं जाड दार लावलं, भिंतींनासुद्धा गाद्यांसारखं काहीतरी मारलेलं होतं, आणि गाणं सुरू केलं. कुणी बाई गात होती. माझ्या कानाला बारीक सूर पोचत नाहीत, पण तरी मी चमकलो. एक स्पीकर डावीकडे, एक उजवीकडे, आणि बाई मात्र बरोबर मधोमध, जिथे काहीच नव्हतं, तिथून गात होती. श्वास घेतलेला कळत होता. मी चष्मा काढून पुसला आणि परत तिथे बघितलं.

"तिथे तर कोणच न्हाई," मी म्हणालो.

खासनीस खूश झाले. "हेच, काका. हेच. पण जागचे हलू नका."

हलू नका म्हटल्यावर माणूस हलतोच. मी पाठ खाजवायला डावीकडे झुकलो, तशी बाई गेली. नुसता डावीकडचा स्पीकर वाजत होता. परत सरळ झालो, बाई हजर.

खरं सांगतो, त्या क्षणी मला हेमंतचंही पटलं. त्याच्या घरी अशीच खुर्ची होती. तिच्यात तो डोळे मिटून बसायचा, आणि गाणं सुरू असेतो घरात कुणी बोलायचं नाही. कुकरसुद्धा गाणं लागायच्या आधी उतरवायचा, शिट्टी नको म्हणून. मला ते त्याचं वेड वाटायचं. आता वाटलं, मधोमध अशी बाई दिसत असेल तर माणूस का नाही वेडा होणार?

मी शलाकाकडे बघितलं. खोलीत गाणं भरलेलं, म्हणून सवयीने आवाज न काढता ओठांनी म्हणालो, 'भारी हाय.'

तिनेही ओठांनी विचारलं, 'तुम्हाला?'

'मला. इथं ये, बघ.'

तिने मान हलवली. 'मला नाही.'

खासनीस एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागले. नुसती तोंडं हलतायत आणि आवाज नाही, असं बघून त्यांनी हळूच गाणं थांबवलं आणि आपल्याच कानात बोट घालून हलवलं.

"आम्ही आवाज न काढता बोलतोय," मी सांगितलं. "तुमचे कान चांगलेच हायत."

शलाका आता चौकटीपासून सुटून पुढे आली होती. "दुसरी जोडी दाखवता? त्या कोपऱ्यातली."

कोपऱ्यात दोन बुटके स्पीकर होते. गोल, तांबूस लाकडाचे, धान्याच्या मोठ्या डब्यांसारखे. तोंड कुठे, पाठ कुठे, कळत नव्हतं.

"ते चारी बाजूंनी आवाज टाकणारे आहेत," खासनीस म्हणाले. "बनावट उत्तम आहे, किंमतही जवळजवळ तीच. पण मॅडम, खरं सांगू का? ज्याला ऐकायचंय, तो हे घेत नाही. मघाशी काकांना मधोमध बाई दिसली ना? यात ती तशी नेमकी एका जागी दिसणार नाही."

"लावा तरी."

त्यांनी लावले. तीच बाई, तेच गाणं. मी खुर्चीतच होतो. बाई खरंच नेमकी कुठे आहे ते कळेना, खोलीत कुठेतरी होती, फिरल्यासारखी. मला उंचच बरे वाटले. मी तसं ओठांनी म्हणालो. शलाकाचं लक्ष नव्हतं. ती भिंतीच्या कडेकडेने चालत होती. डाव्या स्पीकरच्या मागे गेली, थांबली. खाली जमिनीवर मांडी घालून बसली, चांगल्या साडीत. उठली. मग दाराशी गेली आणि ते गादीचं जाड दार सताड उघडून टाकलं.

बाहेरच्या दुकानातला पंखा, पायऱ्यांवरून येणारा स्कूटरचा आवाज, सगळं आत आलं.

"मॅडम," खासनीस म्हणाले, "दार उघडं ठेवून कुणी ऐकत नाही हो."

"माझं घर उघडं असतं," ती म्हणाली, आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिथून म्हणाली, "आबा, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. गाणं थांबवू नका, खासनीस. बोला आबा, सुताचा भाव सांगा."

मी सुताचा भाव सांगितला. मागवाल्याचा आवाज तो, एकदा काढला की चार घरं ऐकतात. मग आक्का काय म्हणाली तेही सांगितलं, म्हशीच्या शिंगांसकट. खासनीसांना हसू आवरेना. आणि माझ्या बोलण्याखालून बाई गातच होती, तिचं काही बिघडलं नव्हतं.

शलाका आत आली. "आता परत उंच लावा." आणि तेच सगळं तिने पुन्हा केलं. भिंतीच्या कडेने, जमिनीवर, दाराबाहेर. यावेळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती दाराबाहेर गेली आणि तिचा चेहरा एकदम थकला. का, ते मला कळलं नाही.

खासनीस बिचारे आता काळजीत पडले. भलतंच विकलं जाऊ नये अशी खरी काळजी. मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. साहेब आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, तुमच्या घरचे सगळे स्पीकर त्यांनी इथूनच नेले. एवढी मोठी खरेदी आहे. त्यांना एकदा फोन लावून विचारू का?"

त्यांना घटस्फोटाचं काही ठाऊक नव्हतं. तिनेही आधी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगेल, किंवा पर्स उचलून निघेल.

ती म्हणाली, "लावा. मोठ्याने लावा, आबांनाही ऐकू येऊ दे."

फोन लागला. हेमंतचा आवाज त्या खोलीत आला. खासनीसांनी सगळं सांगितलं, मॅडम आल्यात, उंच की गोल असं चाललंय.

हेमंत म्हणाला, "उंचच द्या, खासनीस. गोल नका देऊ. ते ऐकणं नव्हे, नुसतं वाजणं आहे. तिला वाटेल छान, सगळीकडे येतोय आवाज म्हणून. तिला त्यातलं कळत नाही." मग आवाज जरा खाली आणून, "शलाका, तू आहेस का तिथे? खुर्चीत बसून ऐकलंस का? उभ्या उभ्या काही ठरवू नकोस. हवं तर लावायला मी येईन. खुर्चीची जागा मोजून देईन. ते तुला जमणार नाही."

तो वाईट बोलला नव्हता. माझं पोर आहे, मला कळतं, तो खरंच मदत करत होता. त्याचा आवाजही चांगला मवाळ होता. पण शलाकाचे खांदे हळूहळू वर चढले आणि मान आत गेली. पाऊस नसताना माणसाने भिजल्यासारखं उभं राहावं तसं. मघापासून भिंतीकडेने फिरणारी, दार उघडणारी बाई कुठे गेली कळेना. तिने उंच स्पीकरांकडे बघितलं, मग खुर्चीकडे. मी खुर्चीतून उठलो. म्हटलं, बसते आता.

ती खुर्चीजवळ आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आणि मला ओठांनी विचारलं, 'मी चुकतेय का?'

मी काय सांगणार? मला उंच आवडले होते. खोटं सांगता आलं असतं, पण ओठांवर खोटं चटकन दिसतं. मी ओठांनी म्हणालो, 'मला उंच आवडले. पण माझं ऐकू नको. तुला काय पायजे?'

खासनीस फोन हातात धरून उभे. फोनमधून हेमंत म्हणाला, "हॅलो? कुणी बोलत का नाही?"

शलाकाने खुर्चीवरचा हात काढला. "बोलतोय आम्ही," ती फोनला म्हणाली. "आबा आहेत सोबत."

"आबा? आबांना काय ऐकू येतंय?"

"मला विचारतायत ते," ती म्हणाली. "काय पाहिजे म्हणून."

त्याने विचारलं, "आबा, तुम्ही घरी येणार आहात ना?"

"यीन की," मी म्हणालो. "आधी हिचं होऊ दे."

"हेमंत," ती म्हणाली, "गोल घेतेय. लावायला यायचं काम नाही. त्यांना खुर्चीची जागा लागत नाही. ठेवते."

आणि तिने खासनीसांच्या हातातल्या फोनवर बोट टेकवून तो बंद केला. मग त्यांना म्हणाली, "आमचा घटस्फोट झालाय. मी आधी सांगायला हवं होतं, तुम्ही अवघडलात." खासनीस इतके ओशाळले की रुमाल खाली पडला. तीच म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. चहा मागवा, आबांची चहाची वेळ झाली."

चहा आला तो आम्ही बाहेरच्या बाकावर बसून घेतला. कप उचलताना तिने बशीत चहा सांडला. मी म्हणालो, "झालं की आता. कशाला घाबरतीस?"

"आबा, मी सगळं गाणं स्वयंपाकघरातून ऐकलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं. तिथे ते कसं यायचं सांगू? भिंतीपलीकडे कुणाचं तरी लग्न चाललंय तसं. धप धप, आणि मधेच कुणीतरी ओरडतंय. तो बाहेर येऊन विचारायचा, काय सुंदर होतं ना? मी म्हणायची, हो. तो म्हणायचा, तुला कळत नाही. मलाही वाटायचं, नसतील मला कान. मग एकदा तो गावाला गेला होता. मी लादी पुसली, आणि सहज म्हणून त्या खुर्चीत बसले. गाणं लावलं. मधोमध बाई आली, मघाशी तुम्हाला आली तशी. मी रडले हो, आबा. गाणं चांगलं होतं म्हणून नाही. मला कान होते. जागा नव्हती."

मी चहा खाली ठेवला.

"मग आता का न्हाई बसलीस?" मी विचारलं. "आता तर खुर्ची तुझीच असती."

"मी बसले की दुसरं कुणीतरी भिंतीपलीकडे," ती म्हणाली. "घरी कुणी आलं, तुम्ही आलात, तर तुम्हाला कुठे बसवू? एका माणसापुरतं गाणं मला घरात नको. हेमंत म्हणतो ते खरं आहे, गोलात ती बाई मधोमध दिसत नाही. मला फरक कळला, आबा. चांगला कळला. कळून घेतेय."

मी आयुष्यात शहाणी माणसं बरीच पाहिली. स्वतःला मिळालं नाही ते एकदा हाताशी आलं की शहाणी माणसंही आधी ते मुठीत धरतात. मीही धरलं असतं. ही पोर चहा सांडलेल्या बशीकडे बघत बसली होती, आणि मला तिच्यापुढे आपली टोपी काढून ठेवावीशी वाटली. पण आमच्यात तसं करत नाहीत. मी तिची बशी घेतली, त्यातला चहा परत कपात ओतला आणि कप तिच्या हातात दिला.

दोन दिवसांनी खासनीस स्वतः स्पीकर घेऊन शलाकाच्या घरी आले, मी तिथेच होतो. सवयीने त्यांनी खोली मोजली, आणि जमिनीवर खुर्चीच्या जागी चिकटपट्टीची फुली मारली. मग ते थबकले, आपणच वाकून ती फुली काढली आणि खिशात टाकली. गाणं लागलं. ते जरा वेळ उभे राहिले, मग खिडकीशी, मग सतरंजीवर बसले. जाताना म्हणाले, "घरी ऐकायला हे बरे आहेत." एवढंच म्हणाले, पण त्या धंद्यातल्या माणसाने ते म्हणणं सोपं नसावं.

त्या दुपारी मी गॅलरीच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो, तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा गाणं चालूच होतं. शेजारच्या नलूताई मेथीची जुडी घेऊन आल्या होत्या. दोघी सतरंजीवर बसून मेथी निवडत होत्या आणि नलूताई आपल्या जावेचं काहीतरी रंगवून सांगत होत्या. शलाका ऐकता ऐकता मधेच गाण्याची एक ओळ उचलायची, जरा बेसूरच, आणि मग विचारायची, "मग पुढे काय म्हणाली ती?"

नलूताई बोलायच्या थांबल्या नाहीत. गाणंही थांबलं नाही.